संकेतस्थळाचे नाव : नोंद कुणाच्या नावावर?



यंदा लागणीच्या नोंदी घेताना गटागटांतून आमच्या कर्मचाऱ्यांना एक नवाच प्रश्न विचारला जात आहे. रोपवाटिका घातलेले सभासद, रसायनविरहित गूळ आणि काकवी करणारे सभासद, शेतकरी उत्पादक कंपनी काढलेले तरुण, हे सगळे विचारतात, "साहेब, वेबसाईट काढायची आहे. नाव काय घ्यावं, आणि ते मिळतं कुठं?" हा विषय शेतकी खात्याचा नव्हे, हे खरे. पण एक डोळा रोपांना आता तालुक्याबाहेरून मागणी येते, गूळ मुंबई-पुण्याच्या घरात थेट जातो. गिऱ्हाईक ज्या पाटीवर विश्वास ठेवून आगाऊ पैसे भरते, ती पाटी कुणाच्या मालकीची, हा प्रश्न रोख व्यवहाराचा आहे. म्हणून या अंकात खतांच्या मात्रा बाजूला ठेवून या नावाच्या नोंदणीविषयी चार गोष्टी सांगत आहोत.

प्रथम एक घोटाळा दूर करू. वेबसाईट म्हणून आपण जे म्हणतो त्यात तीन वेगवेगळ्या वस्तू असतात. एक, नाव. त्यालाच डोमेन नेम म्हणतात. दुसरी, जागा, म्हणजे आपली पाने जिथे ठेवली जातात तो भाड्याचा गाळा. तिसरी, ती पाने, म्हणजे मांडलेला माल. तिन्ही एकाच माणसाकडून घेतले तरी ती तीन आहेत हे विसरू नये. गाळा बदलता येतो, मांडणी दर वर्षी नवी करता येते. पण गुळाच्या खोक्यावर, रोपांच्या ट्रेवर, टेम्पोच्या मागे जे रंगवले ते नाव असते, आणि ते हातचे गेले की बाकीच्या दोहोंचा उपयोग राहत नाही.

ही नावे आली कशी

संगणकाला नाव कळत नाही, त्याला आकडा कळतो. जाळ्यावरच्या प्रत्येक संगणकाला लांबलचक नंबर असतो. माणसाला तो पाठ होत नाही म्हणून नावे निघाली. सुरुवातीला अमेरिकेत कोणते नाव म्हणजे कोणता नंबर याची एकच यादी होती आणि ती स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये ठेवली जाई. एका कारकुनाकडे एकच रजिस्टर असल्यासारखा प्रकार. संगणक वाढले तसे ते रजिस्टर पुरेना. १९८३ साली पॉल मॉकापेट्रिस यांनी गट पाडून नोंदी ठेवण्याची पद्धत बसवली, ती आजही चालू आहे. 'डॉट कॉम'मधले पहिले नाव १५ मार्च १९८५ रोजी नोंदले गेले, ते होते 'सिम्बॉलिक्स डॉट कॉम'. १९९८ पासून या साऱ्या व्यवस्थेवर आयकॅन ही संस्था देखरेख करते.

आपल्या देशाची 'डॉट इन' ही शेवटी निक्सी, म्हणजे नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया, या संस्थेकडे आहे. २००५ सालापासून ती सर्वांना खुली झाली. मुख्य रजिस्टर निक्सीकडे, पण आपण तिथे थेट जायचे नाही. निक्सीने मान्यता दिलेले रजिस्ट्रार आहेत, त्यांच्याकडे फी भरून नोंद करायची. आपल्या भाषेत, मुख्य रजिस्टर कारखान्याच्या शेतकी खात्यात आणि नोंद द्यायची गट ऑफिसला, तसेच हे.

नाव उजवीकडून वाचावे

सातबारा मोबाईलवर पाहण्याची सवय बहुतेकांना झाली आहे. तो पत्ता घ्या : 'भूलेख डॉट महाभूमी डॉट जीओव्ही डॉट इन'. हा पाकिटावरच्या पत्त्यासारखा आहे. आधी घर, मग गाव, मग तालुका, मग जिल्हा. खरा मालक शोधायचा तर शेवटून यायचे. 'इन' म्हणजे भारत. 'जीओव्ही' म्हणजे सरकारी खाती, ही शेवटी खाजगी माणसाला मिळत नाही. 'महाभूमी' म्हणजे भूमी अभिलेखाचे नाव. 'भूलेख' हा त्यातला एक कप्पा.

हे वाचता आले की फसवणूकही ओळखता येते. कारण डावीकडचे कप्पे मालकाला हवे तसे लिहिता येतात. एखाद्या लबाडाने स्वतःच्या नावाच्या डावीकडे आपल्या बँकेचे नाव चिकटवले तर घाईत बघणाऱ्याला ती बँकच वाटते. म्हणूनच रिझर्व्ह बँकेने २०२५ साली बँकांसाठी 'डॉट बँक डॉट इन' ही राखीव शेवटी ठरवून दिली आणि ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत त्या नावाखाली जाण्यास बँकांना सांगितले. बँकेच्या नावाने पैसे मागणारा दुवा आला तर आधी त्याची शेपटी पाहावी, डोके नंतर.

नाव निवडताना

डॉट आणि डॉट यांच्या मधल्या भागात जास्तीत जास्त ६३ अक्षरे बसतात. इंग्रजी अक्षरे, आकडे आणि मधली आडवी रेघ एवढेच चालते. रेघ अगदी सुरुवातीला किंवा शेवटी चालत नाही, मोकळी जागा चालत नाही, आणि लहान-मोठ्या अक्षरांत फरक धरला जात नाही. नियम एवढेच. पण नियमात बसणारे प्रत्येक नाव चांगले असे नव्हे.

आपली खरी अडचण वेगळी आहे. मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत लिहिताना दहा जण दहा तऱ्हेने लिहितात. साधा 'गूळ' घ्या. कुणी जी-यू-एल लिहील, कुणी जी-ओ-ओ-एल, तर हिंदीच्या वळणाने कुणी शेवटी डी लावील. 'काकवी'त एकाने व्ही घातला तर दुसरा डब्ल्यू घालतो. 'रोप' आर-ओ-पी लिहून शेवटी ई पडला की इंग्रजीत दोरखंड झाला. 'ऊस' तर यू-एस लिहिल्यावर सरळ अमेरिकेत जातो! आपला 'ळ' इंग्रजीत नाहीच, त्यामुळे काळे आणि काले हे दोघे तिथे सख्खे भाऊ होतात.

तेव्हा आमची सूचना अशी. दोन-तीन नावे पसंत करावीत आणि एखाद्या मुकादमाला किंवा पाहुण्याला फोन लावून एकेक नाव फक्त एकदा सांगावे. "लिहून घ्या आणि मला परत वाचून दाखवा," म्हणावे. ज्या नावाला "व्ही का डब्ल्यू?" असे विचारावे लागले नाही ते नाव चांगले. अशी परीक्षा पाच माणसांवर घेतली तर पुढच्या पाच वर्षांचा त्रास वाचेल. मधली रेघ आणि आकडे यांनी फोनवर हमखास गोंधळ होतो. 'दोन' म्हणजे आकडा की अक्षरात लिहायचा, हे प्रत्येक गिऱ्हाइकाला समजावत बसावे लागते. ते शक्यतो टाळावे.

रोपवाटिकावाल्यांना एक खास सांगणे. उसाच्या जातीचे नाव किंवा नंबर आपल्या संकेतस्थळाच्या नावात घालू नये. एके काळी आपल्याकडे जिकडे तिकडे को ७४० होता. पुढे को ८६०३२ आला, मग फुले २६५ आला. जात बदलणार हे ठरलेलेच आहे, आणि ती बदलली पाहिजे असे आम्हीच प्रत्येक मेळाव्यात सांगतो. मग पाटी तेवढी जुन्या जातीची का ठेवायची? तोच न्याय एकाच मालाच्या नावाला. आज गूळ करणारा उद्या काकवी आणि गुळाची पावडर करतो. घराण्याचे, मळ्याचे किंवा शिवाराचे नाव घेतले तर त्यात सगळा माल बसतो. नुसते गावाचे नाव घेताना मात्र पाहावे. वडगाव, पिंपळगाव महाराष्ट्रात किती आहेत ते मोजत बसायला नको. गावाबरोबर मळ्याचे नाव जोडले तर ओळख पटते.

दुसऱ्याच्या नावाशी मिळतेजुळते नाव घेण्याचा मोह काही पोरांना होतो. गाजलेल्या कंपनीच्या नावात एक अक्षर इकडचे तिकडे केले की गिऱ्हाईक चुकून येईल, असा हिशेब. तो हिशेब कोर्टात टिकत नाही. 'याहू'च्या नावापुढे 'इंडिया' लावून घेतलेले नाव वापरण्यास दिल्ली उच्च न्यायालयाने १९९९ साली मनाई केली. पुढे २००४ साली सत्यम इन्फोवेच्या 'सिफी' या नावाच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, डोमेन नेम हा नुसता पत्ता नाही, व्यापारी नावासारखे संरक्षण त्यालाही मिळू शकते. कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन आहे, तेव्हा ते नाव पाटीवर घालण्याआधी त्याचे अधिकृत वापरकर्ते म्हणून आपली नोंद आहे का, हेही तपासावे.

शेवटी कोणती घ्यावी

आमचे मत विचाराल तर देशात माल विकणाऱ्या सभासदाला 'डॉट इन' पुरे. 'डॉट कॉम'ची लोकांच्या बोटांना सवय आहे, म्हणून तेही मिळत असेल तर दोन्ही घ्यावीत आणि एकावरून दुसऱ्यावर वळवून ठेवावे. मनासारखे नाव 'डॉट कॉम'मध्ये दुसऱ्या कुणाकडे असेल आणि तोही गूळच विकत असेल, तर मग 'डॉट इन'मध्ये तेच नाव घेण्याचा हट्ट सोडावा. आपल्या जाहिरातीचे गिऱ्हाईक त्याच्या दारात जाईल.

२०१४ सालापासून देवनागरीत 'डॉट भारत' ही शेवटी मिळते. त्यात 'ळ' सुखाने बसतो आणि वर सांगितलेला स्पेलिंगचा प्रश्नच राहत नाही. अभिमानाची गोष्ट आहे. पण गिऱ्हाइकाच्या मोबाईलवर मराठी कळफलक असेलच असे नाही, म्हणून ते जोडीला घ्यावे, एकटे नको. 'डॉट को-ऑप' ही शेवटी २००२ साली सुरू झाली. ती सहकारी संस्थांसाठी राखीव आहे, एकट्यादुकट्याला मिळत नाही. आपल्या भागातल्या पाणीपुरवठा संस्था, दूध संस्था यांनी तिचा विचार करायला हरकत नाही.

बाकी चित्रविचित्र शेपट्या शेकड्याने आहेत. पहिल्या वर्षी फुकटात दिल्यासारख्या देतात. त्यांच्या नादी लागू नये.

नोंद : हीच मुख्य गोष्ट

आता मुद्द्यावर येऊ. उसाची नोंद ज्याच्या नावावर, तोडीची चिठ्ठी त्याला आणि बिल त्याच्या खात्यावर. शेत कुणी कसले, पाणी कुणी पाजले हे कारखान्याचे रजिस्टर विचारत नाही. डोमेनचेही अगदी तसेच आहे. नाव तुम्ही सुचवले असेल, पैसे तुम्ही दिले असतील, पण रजिस्ट्रारच्या वहीत नोंदणीदार म्हणून ज्याचे नाव, तोच त्याचा धनी.

आमच्या पाहण्यातले एक उदाहरण देतो. एका सभासदाने रोपवाटिकेसाठी संकेतस्थळ करून घेतले. करून देणाराने "सगळं मी बघतो, तुम्ही फक्त पैसे द्या" असे सांगितले, आणि नाव स्वतःच्या खात्यात, स्वतःच्या ई-मेलवर नोंदले. त्यात त्याचा वाईट हेतू होता असेही नाही, त्याला ते सोयीचे होते इतकेच. तीन वर्षे ठीक चालले. मग तो मुलगा नोकरीला परगावी गेला, फोन नंबर बदलला. नूतनीकरणाची सूचना त्याच्या जुन्या ई-मेलवर येत राहिली आणि कुणी उघडली नाही. ऐन लागणीच्या तोंडावर साईट बंद पडली. काही आठवड्यांनी ते नाव दुसऱ्या कुणी तरी उचलले आणि त्यावर भलत्याच मालाच्या जाहिराती दिसू लागल्या. ट्रेवर, पावतीबुकावर, फलकावर तेच नाव छापलेले. सभासदाकडे दाखवायला कागद एकच होता, "वेबसाईट काम" एवढेच लिहिलेली पावती.

म्हणून नोंद करताना पुढील गोष्टींकडे स्वतः लक्ष द्यावे. रजिस्ट्रारकडचे खाते आपल्या नावाने, आपल्या मोबाईल नंबरावर उघडावे. नोंदणीदाराच्या रकान्यात आपले नाव व खरा पत्ता घालावा. 'डॉट इन'साठी ओळखपत्र मागितले तर द्यावे. खोटी माहिती निघाली तर नाव बंद होऊ शकते. साईट करणाऱ्याचे नाव तांत्रिक संपर्क म्हणून घालण्याची सोय असेल तर खुशाल घालावे. गडी कामावर ठेवावा, सातबारावर चढवू नये.

शेतकरी उत्पादक कंपनी किंवा संस्था असेल तर नोंद कंपनीच्या नावावर हवी, अध्यक्षांच्या किंवा सचिवांच्या वैयक्तिक नावावर नको. पदाधिकारी बदलतात आणि बदलताना कधी कधी बिनसते, हे आम्ही सांगायला नको. ठरावात नाव, रजिस्ट्रार आणि मुदतीची तारीख लिहून ठेवावी. भाऊ-भाऊ मिळून धंदा करीत असाल तर नाव कुणाच्या नावावर राहणार हे वाटणीच्या आधी, गोडीगुलाबी आहे तेव्हाच बोलून घ्यावे. जमिनीचे दोन तुकडे होतात, नावाचे होत नाहीत.

आणखी एक बारकी गोष्ट, पण पुष्कळ जण इथेच अडकतात. नवे नाव घेतले की त्या नावाचा ई-मेलही मिळतो, आणि हौसेने तोच पत्ता रजिस्ट्रारकडे दिला जातो. असे करू नये. नावाची मुदत संपली की तो ई-मेलही बंद पडतो, मग मुदत संपल्याची सूचना पोचणार कुठे? विहिरीत पडलेल्या बादलीलाच दोर बांधून ठेवल्यासारखे ते होईल. खात्यासाठी वेगळा, साधा ई-मेल द्यावा आणि त्याचा पासवर्ड घरातल्या आणखी एका जबाबदार माणसाला माहीत असावा.

मुदत आणि नूतनीकरण

हे नाव कायमचे विकत मिळत नाही. ते वर्षाच्या बोलीने मिळते, एका वेळी फार तर १० वर्षांसाठी. पहिल्या वर्षाचा दर पाहून भुलू नये, नूतनीकरणाचा दर आधी विचारावा. पहिल्या वर्षी नाममात्र आणि पुढे चौपट, असा प्रकार सर्रास आहे. आमचा सल्ला तीन ते पाच वर्षांचे पैसे एकदम भरण्याचा आहे. आपोआप नूतनीकरणाची सोय असते, पण ती ज्या कार्डाला जोडलेली असते त्याचीही मुदत संपते, तेव्हा तीवर सगळी भिस्त ठेवू नये.

चूक मोठमोठ्यांकडूनही होते. १९९९ सालच्या नाताळात मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या 'पासपोर्ट डॉट कॉम' या नावाची ३५ डॉलर फी भरायची राहिली आणि हॉटमेलच्या अनेक ग्राहकांना आपली टपाल पाहता येईना. शेवटी मायकेल चॅनी नावाच्या एका अमेरिकन प्रोग्रामरने स्वतःच्या कार्डावरून ती फी भरून टाकली. आपल्यासाठी असे कुणी भरणार नाही.

मुदत टळली म्हणून त्याच दिवशी नाव जात नाही. 'डॉट कॉम'च्या बाबतीत त्यानंतर रजिस्ट्रारच्या नियमाप्रमाणे ४५ दिवसांपर्यंत सवलत मिळू शकते. काही जण कमी दिवस देतात. त्यात भरले नाही आणि नाव रद्द झाले तर ३० दिवस सोडवणुकीचे, पण त्यात दंडासारखी जबर रक्कम पडते. मग ५ दिवस नाव कुणालाच हलवता येत नाही, आणि त्यानंतर ते बाजारात मोकळे. अशा सुटलेल्या नावांवर टपून बसलेले लोक आहेत, त्यांची यंत्रे क्षणात नाव उचलतात.

उलट बाजूनेही सावध असावे. आपण नाव नोंदले की "आपली मुदत संपत आली, ताबडतोब पैसे भरा" अशी पत्रे भलत्याच ठिकाणाहून येऊ लागतात. आपला रजिस्ट्रार कोण आणि मुदत कोणत्या तारखेला, एवढे भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवले तर खरे-खोटे लगेच कळते.

नाव दुसऱ्याने बळकावले असेल तर

इथे पहिला नियम आधी येईल त्याला, असा आहे. लागणीच्या तारखेप्रमाणे तोड, तशी ही नोंद. तरीही 'डॉट इन'च्या नावांसाठी निक्सीची तंटा सोडवण्याची पद्धत आहे, तिला आय-एन-डी-आर-पी म्हणतात. त्यात लवादापुढे तीन गोष्टी दाखवाव्या लागतात. ते नाव आपल्या हक्काच्या नावाशी किंवा ट्रेडमार्कशी फसगत होण्याइतके जुळते, समोरच्याचा त्यावर रास्त हक्क नाही, आणि त्याने ते खोट्या हेतूने घेतले किंवा वापरले आहे. तिन्ही पटल्या तर नाव आपल्याकडे वर्ग होऊ शकते. परंतु त्याला खर्च आहे. आणि पुरावा लागतो : जुनी बिले, छापील खोकी, जाहिराती, ट्रेडमार्कचा कागद. चार वर्षांपासून मालावर तेच नाव आहे हे दाखवणारी पावतीबुके रद्दीत घालू नयेत.

ज्यांची साईट आधीच आहे त्यांनी

आजच एक तपासणी करावी. 'हू इज' नावाची शोधसोय फुकट आहे. तीत आपले नाव घातले की नोंदीची तारीख, मुदतीची तारीख आणि रजिस्ट्रार कोण हे दिसते. मालकाचे नाव बहुधा झाकलेले असते, म्हणून तेवढ्यावर समाधान मानू नये. खरी कसोटी अशी, की रजिस्ट्रारच्या खात्यात आपल्याला स्वतःला शिरता येते का? येत नसेल तर साईट करणाऱ्याला भेटून, सलोख्याने, खाते किंवा नाव आपल्याकडे वर्ग करून मागावे. नाव एका रजिस्ट्रारकडून दुसरीकडे न्यायचे तर आधी त्याचे कुलूप काढावे लागते आणि एक गुप्त संकेतांक लागतो. तो मागण्याचा हक्क नोंदणीदाराचा असतो, म्हणून नोंदणीदाराचे नाव आधी दुरुस्त करून घ्यावे आणि मग हलवाहलव करावी.

नवे काम देणाऱ्यांनी पावतीवर तीन ओळी वेगवेगळ्या मागाव्यात : नावाची फी किती व किती वर्षांची, जागेचे भाडे किती, आणि पाने तयार करण्याची मजुरी किती. खाली "डोमेनचा नोंदणीदार : अमुक अमुक" असे लिहून त्याची सही घ्यावी. पहिल्याच दिवशी ही सही मागितली तर कुणी नाही म्हणत नाही.